पाठ फिरवलेली बाळं

१

कोणी नुकतंच उठून गेलेल्या जागेवर तुम्ही कधी बसला आहात का? बसच्या बाकावर, दवाखान्यातल्या खुर्चीवर? टेकताक्षणी एक परकी ऊब लागते. जरा नकोसं होतं, मग आपण विसरून जातो. मीही जन्मभर विसरतच आले. आता विसरता येत नाही, म्हणून सांगायला बसले.

पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी होते ना, सगळे तिला इको म्हणतात, ती जिथे होते तिथे मी काम करते. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. मशीनमधलं मला काही कळत नाही. माझं काम बायकांचं. पलंगावर चढायला हात द्यायचा, कपडे सावरून द्यायचे, पडदा ओढून दिवा मालवायचा. पोटावर लावायचं जेल आधी कोमट पाण्यात धरायचं, म्हणजे बाई दचकत नाही. तपासणी झाली की पुसून द्यायचं. कोणी रडली तर पाठीवर हात ठेवायचा. हे शेवटचं काम मला कोणी नेमून दिलेलं नाही.

आणि उशी. एक त्रिकोणी, निळ्या कापडाची उशी असते आमच्याकडे. डॉक्टर मॅडमची सवय अशी की पोटावर मशीनचा दांडा टेकवला की आधी मोठ्याने सांगायचं, "डोकं खाली, पाठ डावीकडे." नाहीतर, "पाठ उजवीकडे." हे माझ्यासाठी असतं. बाळाची पाठ ज्या बाजूला, त्या बाजूला बाईच्या कमरेखाली मी उशी सारते. पोट जरा कलतं, आतलं बाळ कलतं, आणि पाठीच्या कण्याआड लपलेलं हृदय दिसायला लागतं. नाहीच दिसलं तर बाईला व्हरांड्यात फेऱ्या मारायला पाठवायचं आणि पुन्हा बोलवायचं.

बाळांचं काय, कधी इकडे तोंड, कधी तिकडे. त्यामुळे माझा हातही दिवसभर मागावरच्या धोट्यासारखा, कधी या बाजूला, कधी त्या.

२

एका संध्याकाळी घरी आले आणि लक्षात आलं, कंबर दुखत नाहीये.

"वय उलटं फिरायला लागलं वाटतं," आमचे हे म्हणाले. "बघ हं, उद्या वेण्या घालशील."

मी हसले. पण भाजी चिरता चिरता हात थांबला. मी पलंगाच्या डाव्या अंगाला उभी असते, मॅडम आणि मशीन उजव्या अंगाला. उजवीकडे उशी सारायची तर मला बाईवरून ओणवं व्हावं लागतं, आणि कंबर दुखते ती त्याच्यामुळे. कंबर दुखत नाही, म्हणजे मी ओणवी झालेच नव्हते. आज नाही. काल?

दुसऱ्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. "पाठ डावीकडे." पुढची बाई. "पाठ डावीकडे." जेवणाआधीच्या सगळ्या डावीकडे, जेवणानंतरच्याही. शेवटच्या बाईला मॅडमनी सांगायच्या आधीच माझा हात डावीकडे गेला होता.

"आज सगळी रुसलीत," मॅडम म्हणाल्या.

"काल पण रुसली होती, मॅडम."

"हो का?" त्यांनी चष्मा वर केला. "मग संप असेल."

मला वाटलं, हल्ली बायकांना डाव्या कुशीवर झोपायला सांगतात, त्याने होत असेल. मॅडम म्हणाल्या, छे, बाळ पोटात सारखं लोळत असतं, त्याचा आणि आईच्या कुशीचा असा संबंध नाही. त्या हुशार आहेत आणि माणूस म्हणूनही चांगल्या आहेत, उगाच झिडकारत नाहीत. मलाही पटलं. पण त्या आठवड्यात आमचा व्हरांडा भरून गेला. पोटुशा बायका एकामागे एक फेऱ्या मारतायत, भिंतीला टेकतायत, पुन्हा चालतायत. फिरून आलेल्या एका बाईचं बाळ छान सरळ झालं होतं. मॅडम खूश झाल्या. मग आम्ही दोघी पडद्यावर बघत असतानाच ते हळूहळू वळलं. झोपेत वळल्यासारखं नाही. गुडघे पोटाशी घेतले, मान आत ओढली आणि आमच्याकडे पाहता पाहता पाठ करून घेतली.

मॅडमनी आवाज सुरू केला. ठोके नुसते धावत होते.

"घाबरलंय की काय हे?" त्या म्हणाल्या, आणि मग बाईकडे बघून चटकन, "काही नाही हं, सगळं नीट आहे. जरा भरभर आहेत इतकंच."

३

मॅडमना वाटलं, एसीचा झोत पोटाच्या एका बाजूला लागत असेल. म्हणून त्यांनी पलंग फिरवून घेतला. उशाकडचं पायथ्याला, पायथ्याचं उशाकडे. मशीनला चाकं होती, ते खोलीच्या पलीकडच्या अंगाला नेलं, कारण मॅडमना बाईच्या उजव्या हातालाच बसावं लागतं. मीही बाजू बदलली. खोली तीच, पण आरशात बघितल्यासारखी उलटी झाली.

पहिली बाई आली. दिवा मालवला.

"डोकं खाली," मॅडम म्हणाल्या, "पाठ... उजवीकडे! चला, संप मिटला."

मी आनंदाने ओणवी होऊन उशी सारली. दुसरी बाई, उजवीकडे. तिसरी, उजवीकडे. दुपारपर्यंत माझी कंबर भरून आली आणि मॅडमचं हसू गेलं.

काम आटोपल्यावर मी एकटीच त्या खोलीत उभी राहिले. दिवा लावला होता, पडदा उघडा होता. आधी पलंग असा होता, तेव्हा डावी बाजू तिकडे. आता पलंग तसा आहे, तेव्हा उजवी बाजूही तिकडेच. मी हाताने दोनदा दाखवून बघितलं, वेडी दिसत असेन. डावी-उजवीचा प्रश्नच नव्हता. पलंग कसाही ठेवा, सगळ्या बाळांची पाठ एकाच कोपऱ्याकडे होत होती.

त्या कोपऱ्यात काय होतं? काही नाही. दोन भिंती, मशीनच्या वायरचं बटण आणि नातेवाइकांना बसायला ठेवलेलं एक स्टूल.

४

गोल, लोखंडी पायांचं, वर काळं रेक्झिन आणि आत फोम. असली स्टुलं जिकडेतिकडे असतात. बाईबरोबर नवरा येतो, आई येते, सासू येते, त्यातल्या एकाला आत सोडतात आणि ते माणूस तिथे बसतं.

आता आठवायला लागले तेव्हा लक्षात आलं, कित्येक दिवसांत तिथे कोणी बसलं नव्हतं. मी म्हणायची, "बसा ना." ते म्हणायचे, "नको, उभाच बरा." पाय दुखणारी माणसंसुद्धा पलंगाचा कठडा धरून उभी राहायची. का, ते त्यांनाही विचारलं तर सांगता आलं नसतं.

एकच म्हातारी बसली. सुनेबरोबर आली होती. टेकली, आणि लगेच उठली. मागे हात लावून बघितला.

"आत्ता कोण उठलं इथून?" तिने मला विचारलं.

"कोणी नाही, आजी."

"गरम आहे की गं."

ती सुनेच्या उशाशी जाऊन उभी राहिली ती शेवटपर्यंत.

आता रेक्झिनचं एक असतं. माणूस बसून उठलं की गादीला खळगा पडलेला असतो, आणि मग हवा भरून तो हळूहळू वर येतो. बारीक फुस्स आवाज होतो. या स्टुलाचा खळगा वर येत नव्हता. सकाळी कुलूप उघडलं तरी तो तसाच, मधोमध दबलेला. मी स्वतःला समजावलं, फोम मेला असेल. जुनं झालं की फोम मरतो. मग मी हाताने दाबून बघायला गेले, आणि हात तिथवर नेऊन मागे घेतला. फोम दाबून बघायला कसली हिंमत लागते? पण मला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी फरशी पुसायच्या निमित्ताने मी ते स्टूल दोन पायांना धरून बाहेर व्हरांड्यात, दाराशी ठेवलं आणि मुद्दामच आत आणलं नाही. दार पलंगाच्या डाव्या अंगाला. पहिली बाई आली.

"डोकं खाली, पाठ डावीकडे," मॅडम म्हणाल्या. मग दुसरी. "डावीकडे. अरे वा, पलटली पार्टी."

मी दाराकडे बघत राहिले. बंद दाराच्या पलीकडे स्टूल होतं.

"मावशी, उशी!" मॅडम म्हणाल्या. "लक्ष कुठे आहे तुमचं?"

दुपारी काउंटरवरच्या बाईने ते स्टूल उचलून आत कोपऱ्यात नेऊन ठेवलं. "वाटेत काय ठेवता मावशी, कोणी पोटावर पडलं म्हणजे?" तिचंही बरोबरच होतं.

५

हे सगळं मी कोणाला सांगितलं नसतं. चार दिवस रजा काढली असती, देवाचं नाव घेतलं असतं आणि विसरले असते. पण त्याच आठवड्यात माझ्या लेकीची तपासणी होती.

लेकीचं हे दुसरं. पहिलं बाळ हृदयाच्या दोषाने पोटातच गेलं. तेव्हापासून ती पोटाबद्दल बोलतच नाही. बाळंतविडा शिवू का विचारलं तर म्हणते, "आधी इको होऊ दे." नाव सुचलं का विचारलं तर, "आधी इको." तिचा सगळा जीव त्या एका दिवसावर टांगलेला. तिच्या पाचव्या महिन्यातली ती तपासणी पुढे ढकलणं म्हणजे तिला आणखी तेवढे दिवस श्वास रोखून धरायला सांगणं.

मी मॅडमना म्हटलं, "माझ्या लेकीचं दुसऱ्या खोलीत करता येईल का?"

"का हो?"

काय सांगणार? "ती खोली मोठी आहे. उजेडाची."

"मावशी, मला अंधार लागतो. तिथे खिडक्याच खिडक्या. अंधार कुठून आणू, डब्यात भरून?" त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. मी नीट बघेन. पाठ केली तर फिरायला पाठवू, पुन्हा बघू. हृदय बघितल्याशिवाय घरी सोडणार नाही."

त्यांना वाटलं, मला त्याचीच भीती आहे. होतीच, तीही होती.

त्या दिवशी मी लवकर गेले. स्टूल धरलं, अंगापासून लांब धरून व्हरांड्याच्या पार टोकाला भंगारखोलीत नेलं, आत ढकललं आणि कडी घातली. येताना मागे वळून बघितलं नाही. हात दोनदा साबणाने धुतले.

६

लेक आली तिच्या सासूबरोबर. जावयाला रजा मिळाली नव्हती. आमच्या विहीणबाई बोलक्या, गुडघ्यांनी अधू पण जिभेने धडधाकट.

"काय विहीणबाई," आत येताच त्या म्हणाल्या, "तुमच्या राज्यात आलोय आम्ही. चहा तरी मिळेल का?"

"आधी इको होऊ दे," मी म्हटलं, आणि लेक कितीतरी दिवसांनी हसली.

तिला पलंगावर चढवलं. तिचे हात थंड पडले होते. मी जेल तळहातावर घेऊन बघितलं, पुरेसं कोमट होतं. दिवा मालवला. मॅडम बसल्या. तेवढ्यात दार उघडलं, व्हरांड्यातला उजेड आत आला आणि काउंटरवरची बाई म्हणाली, "आजींचे गुडघे दुखतायत ना? हे कोणी भंगारात टाकलं होतं देव जाणे. चांगलं आहे की."

तिने स्टूल कोपऱ्यात ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

मी "नको" म्हणाले असेन. पण मोठ्याने नाही. लेक माझ्याकडे बघत होती. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असतं तर तिने ते बाळाचंच समजलं असतं.

"बसा विहीणबाई," मॅडमच म्हणाल्या.

विहीणबाई दोन पावलं गेल्या, थांबल्या, आणि परत फिरून लेकीच्या उशाशी आल्या. "नको गं बाई. इथून नीट दिसतं."

मी उशी हातात घेतली. उजवीकडे ओणवी व्हायच्या तयारीत उभी राहिले. पडद्यावर राखाडी धूर हलला, मग त्यातून गोल डोकं आलं, बारीक खांदा आला.

"डोकं खाली," मॅडम म्हणाल्या. आणि थांबल्या. "अगं! हे तर तोंड करून आहे."

माझा हात हवेतच राहिला.

"किती दिवसांनी! मावशी, नात्यागोत्याचा फायदा बघा. उशी राहू दे." मॅडमचा आवाज खुलला होता. "हे बघा हृदय. कसं उघडं पडलंय. हे वरचे दोन कप्पे, हे खालचे दोन. मधली भिंत, छान. झडपा बघा कशा लपलपतायत."

लेक रडायला लागली, आवाज न करता. विहीणबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

मॅडमनी आवाज सुरू केला. इतर बाळांसारखे धावणारे ठोके नव्हते हे. शांत, एकसारखे. ओळखीच्या माणसाच्या मांडीवर मूल पडलेलं असतं, तसे.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा आनंदच झाला. मग कळलं की तोंड आमच्याकडे नाहीये. आमच्याकडे कधीच नव्हतं. ते कोपऱ्याकडे होतं.

मॅडमच्या पाठीमागे मिट्ट अंधार होता. पडद्याचा उजेड फक्त रेक्झिनच्या कडेवर पडला होता. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं. स्टूल होतं, स्टुलावर काही नव्हतं. आणि मधला तो खळगा, जो इतके दिवस भरत नव्हता, तो हळूहळू वर येत होता.

फुस्स.

"काय वाजलं?" विहीणबाई म्हणाल्या.

"मशीनचा पंखा," मॅडम म्हणाल्या. "बस, शेवटची एक रक्तवाहिनी राहिलीय. हलू नकोस गं."

मी ओरडू शकले असते. पलंगावरून तिला उठवू शकले असते. पण शेवटची एक रक्तवाहिनी राहिली होती. लेकीचे डोळे मॅडमच्या तोंडाकडे लागले होते, आणि ती ज्या एका वाक्याची वाट बघत होती ते यायचं होतं. मी उशी छातीशी धरून उभी राहिले. एसीचा गार झोत माझ्या डाव्या दंडाला लागत होता. तो मधेच तुटला, कोणी मधून गेल्यासारखा, आणि पुन्हा लागायला लागला.

पडद्यावर बाळाने हात वर केला. पाचही बोटं उघडली. मग मूठ मिटली, पण पुरती मिटली नाही. आपण तान्ह्या बाळाच्या हातात आपलं बोट देतो ना, तेव्हा त्याची मूठ जेवढी मिटते, तेवढीच मिटली. आणि तशीच राहिली. मधे काळी पोकळी.

"किती गोड," मॅडम म्हणाल्या. "हृदय अगदी व्यवस्थित आहे. काहीही दोष नाही. जा, आता खुशाल नाव शोधा."

७

त्यांना गाडीत बसवायला मी फाटकापर्यंत गेले. लेकीचं रूपच पालटलं होतं. गाल वर आले होते, एका दमात तीन नावं सांगून झाली होती. "आई, बाळंतविडा शिव हं आता," म्हणाली. मी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि हात पटकन काढून घेतला. पोट गरमच असतं. मला माहीत आहे, ते गरमच असतं.

ती मागच्या सीटवर चढली आणि पार खिडकीला चिकटून बसली. विहीणबाई दुसऱ्या दाराने चढल्या.

"अगं, एवढी चेपून का बसलीस?" त्या म्हणाल्या. "मधली जागा कोणासाठी धरून ठेवलीस?"

लेकीने मधल्या मोकळ्या जागेकडे बघितलं. "कळलंच नाही," ती हसून म्हणाली. पण सरकली नाही.

"चला, बसा तुम्ही पण," विहीणबाई मला म्हणाल्या. "जागा आहे."

मला चढता आलं नाही. अजून कामं आहेत म्हणाले. गाडी गेली. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक या कडेला, एक त्या कडेला.

संध्याकाळी मी तिला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी ती वैतागली. "आई, मी छान आहे. बाळही छान आहे. गंमत सांगू? मी पलंगावर या कुशीला वळले तरी ते खुर्चीकडे सरकतं, त्या कुशीला वळले तरी खुर्चीकडेच."

"कुठली खुर्ची?"

"उशाशी नाही का ती, कपडे टाकायची."

"कपडे आहेत का तिच्यावर?"

"नाही, आज उचलून ठेवले मी. का गं?"

मी म्हटलं, काही नाही. उद्या येते म्हटलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. आमचे हे म्हणाले, "आता कशाची काळजी? हृदय चांगलं आहे ना?"

हृदय चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इकोच्या खोलीचं कुलूप उघडलं. पहिल्या बाईला मॅडम म्हणाल्या, "पाठ डावीकडे," दुसरीला म्हणाल्या, "पाठ उजवीकडे," आणि तिसरीचा नवरा आत आला तो कोणी न सांगता कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन आरामात बसला.